तोफेत गोळा कोण भरणार?

गाळ्यात लेथचा चुरा रोज झाडा, कोपऱ्यात साचतोच. किश्श्यांचंही तसंच!

वसई पूर्वेला माझा जॉबवर्कचा गाळा आहे. शुक्रवारी मशीन बंद, म्हणून त्या दिवशी चहाला आम्ही तिघं जमतो. मी, एव्हरशाईन सिटीतला निलेश आणि सांडोरचा बस्त्याव. निलेश कॉम्प्युटरवाला, बस्त्याव केळीच्या बागायतीवाला. विषय काय, तर रणगाडे! त्यातही एकच भांडण. रणगाड्याच्या तोफेत गोळा कोण भरणार, माणूस की मशीन? मशीनला म्हणतात ऑटोलोडर. ते असलं की रणगाड्यात तीन माणसांत भागतं. नसलं की चौथा लागतो, लोडर. निलेश कट्टर मशीनवाला, बस्त्याव कट्टर माणूसवाला. आणि मी? ज्याने भजी आणली त्याच्या बाजूचा!

*

निलेशने एकदा शटरवर कागद चिकटवला. ‘ऑटोलोडरवर चर्चा, आज चार वाजता.’ चारच्या आधीच एक गृहस्थ घाम पुसत हजर.

“ऑटो लोडर इथेच ना?”

निलेश हरखला. असा रसिक भेटतो कुठे! त्याने खुर्ची पुढे केली. “या, या! तुम्हाला कुठला पसंत आहे? रशियनांसारखा पायाखाली गोल फिरणारा, की फ्रेंचांसारखा पाठीमागून सरळ येणारा?”

“कुठून पण येऊ दे हो! फ्रिज तेवढा तिसऱ्या माळ्यावर चढवा, लिफ्ट बंद आहे!”

चढवला की आम्ही तिघांनी. करता काय! जिन्यात धापा टाकत बस्त्याव म्हणाला, “बघ निल्या, शेवटी माणूसच लागला!”

*

बस्त्यावच्या पुतणीचा बाप्तिस्मा होता. जेवणाच्या पंगतीत निलेशला कुणीतरी विचारलं, दोन पद्धतींत फरक काय? संपलं! पठ्ठ्या सोरपोतेलचं ताट बाजूला सारून सुरू झाला.

तोफेचा गोळा लांब उडवायला मागे दारू लागते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. पण मांडवात अर्धंच ऐकू जात होतं. निलेश मोठ्याने सांगत होता, “रशियन लोक दारू माणसांच्या पायाखालीच ठेवतात. पेटली की सगळेच खलास! फ्रेंच हुशार. ते दारू मागच्या खोलीत ठेवतात, आणि मधलं दार घट्ट बंद!”

बस्त्यावच्या मावशीने मान डोलावली. “बरोबर आहे बाबा. आम्ही पण मागच्याच खोलीत ठेवलीय. फादर गेले की दार उघडू!”

*

आता जरा गंभीर. म्हणजे निलेशसाठी गंभीर. पापडीच्या केतकीवर त्याचा जीव, तिचाही याच्यावर. तिची आई राजी. राहिले वडील. वडिलांचा होकार आल्याशिवाय लग्न नाही, हे केतकीने स्वच्छ सांगितलं होतं. वडील फौजेतून रिटायर झालेले, आता चिकूची वाडी बघतात. एवढंच याला ठाऊक!

मला सोबत घेऊन गेला. बसल्या बसल्या म्हणाला, “नमस्कार सुभेदार काका!”

“सुभेदार पायदळात असतो. मी रिसालदार. रणगाड्यांत होतो.”

रणगाडे! निलेशचे डोळेच चमकले. मी टेबलाखालून लाथ मारली, पण ऐकतो कसला! ऑटोलोडरचं सगळं पुराण सांगून वर निकाल दिला, “खरं तर काका, लोडर म्हणजे जादा माणूस. आजकाल तिघांत काम होतं.”

काकांनी शांतपणे बशी खाली ठेवली. “मी लोडर म्हणूनच भरती झालो. इतकी वर्षं जादा होतो, हे आजच कळलं. केतकीच्या आईलाही सांगतो.”

होकार तिथेच अडकला. बाहेर आल्यावर केतकी त्याला म्हणाली, “तुला जगात दुसरा विषय मिळाला नाही?” बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

*

रडून काय होणार? काकांना पटवायचंच, म्हणून निलेशने माझ्या गाळ्यात लाकडी ऑटोलोडर बनवला. गोल फिरणारी चकती, मिक्सरची मोटर, गोळा उचलून नळीत सारणारा एक हात. मी म्हटलं, “अरे, जखमेवर मीठ कशाला?” पण प्रेमात माणूस कुणाचं ऐकतो!

काकांच्या अंगणात ठेवलं. गोळे म्हणून त्यांच्याच वाडीतले चिकू. पहिला चिकू गेला. दुसरा गेला. काका पुढे वाकून बघायला लागले, केतकी हसली, मलाही वाटलं, चला, जमलं! तिसरा अडकला. निलेशने सोडवायला हात घातला आणि त्या यंत्राने त्याची बाही पकडून त्याला खांद्यापर्यंत नळीत ओढलं!

मी धावत जाऊन वायर उपटली. काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, “मशीन चांगलं आहे. त्याने लोडरच भरला!”

*

मग गेल्या रविवारी काकांनी स्वतःच बोलावणं धाडलं. निलेशने मलाही ओढत नेलं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. केतकी दारात उभी.

काका सरळ मुद्द्यावर आले. “तुझ्या हिशोबाने तीन माणसांत भागतं. आमच्या घरात मी, ही आणि केतकी, बरोब्बर तिघं आहोत. मग चौथा हवाय कशाला?”

निलेश कात्रीत सापडला! मशीन सोडावं तर इतक्या शुक्रवारांची भांडणं वाया, धरावं तर केतकी गेली. निलेशने एकदा केतकीकडे बघितलं. मग उठून उभा राहिला आणि म्हणाला, “काका, मी चुकलो असेन. पण मला इथे जादा माणूस म्हणून ठेवलंत तरी चालेल.”

काका काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या. “अहो, कसली चौकशी लावलीय! गॅस संपलाय इकडे, भाजी अर्धवट राहिली. भरलेला सिलिंडर ओटीवर आहे, त्याला सांगा आणायला!”

निलेश धावला. सिलिंडर पोटाशी कवटाळून, उंबऱ्याला ठेचकाळत, आत घुसला. आतून खडखडाट ऐकू आला, मग रेग्युलेटरचा खट्ट आवाज, आणि मग हा गडी घर दणाणून ओरडला, “लोडेड!”

काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि केतकीला म्हणाले, “हळू आहे. पण तयार करता येईल.”