कुडाच्या घरातला जिना

जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या एका गावात, बाजारचौकातल्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो. लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा, मधल्या चौकटींत माती-पेंढा लिंपलेला, वरून चुना. खाली एके काळी कापड रंगवणाऱ्याचा कारखाना होता, आता चष्म्यांचं दुकान आहे. आमचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला आहे. पर्यटक मान वर करून त्याचे फोटो काढतात आणि त्यांत आमचे वाळत घातलेले टॉवेल येतात. जमीन अशी कललेली, की लाडू पडला तर थेट भिंतीपाशी जाऊन उचलावा. आणि घर डेंकमालशुत्झमध्ये, म्हणजे सरकारी संरक्षणात. खिळा ठोकायचा तरी अर्ज करायचा.

पुण्याहून सासूबाई आल्या, तेव्हा मी हौसेनं त्यांना भिंतीची रचना समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, भिंतीवर बोटानं वाजवून बघितलं.

"अगं, म्हणजे हे कुडाचं घर!"

"अहो आई, पण किती जुनं आहे!"

"कोकणातलं आमचं कुडाचं पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा गावभर पेढे वाटले होते. आणि हा एवढा शिकून परत कुडात येऊन राहिला!"

नवरा जर्मनमध्ये "या, गेनाऊ", म्हणजे "हो, अगदी बरोबर", म्हणत चहा घ्यायला पळाला.

खरी अडचण जिन्याची होती. अरुंद, उभा, मध्येच वळणारा आणि धरायला काही म्हणजे काही नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना हवं होतं ते एवढंच: संध्याकाळी खाली उतरून चौकातल्या कारंज्यापाशी तासभर बसायचं. सुरुवातीला ऑफिसातून आले की मीच हात धरून त्यांना उतरवायची. मग त्या म्हणायला लागल्या, "आज नको गं, पाय दुखतायत." पुढे दीड महिना त्या खिडकीतच बसल्या.

मी कठड्यासाठी अर्ज केला. वारसा-खात्याचे साहेब आले. दारात बूट काढले, देवळात आल्यासारखे. जिन्याच्या खांबावरून हात फिरवत त्यांनी मला अर्धा तास ऐकवलं: लाकूड ओकचं आहे, या खुणा सुतारानं जोडणीसाठी कोरल्यात, चौथी पायरी नंतर बदललीय. स्क्रू मारायचा नाही.

"हा जिना आपल्याला पुढच्या पिढ्यांसाठी जपायचाय," ते म्हणाले.

"आणि मागच्या पिढीचं काय करायचं?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता. त्यांनी तेसुद्धा वहीत टिपून घेतलं आणि पर्यायी आराखडा पाठवा म्हणाले.

ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"खांबाला भोक पाडायचं नाही म्हणतोय."

"मग दोर बांध की. आमच्या माडीच्या जिन्याला दोरच होता."

प्रवासात त्यांच्या बॅगेला करकचून बांधलेला जाड दोर मी कपाटात कोंबून ठेवला होता. नवऱ्यानं तो वरच्या तुळईला बांधला, गाठी मारत खालपर्यंत सोडला आणि स्वतः लोंबकळून बघितलं. साहेब पुन्हा आले, तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. पण ते हरखूनच गेले! या भागातल्या जुन्या जिन्यांनाही दोरच असायचे, म्हणाले. चारी बाजूंनी फोटो काढले. परवानगीची गरज नाही. अर्जावर आणि आराखड्यावर घालवलेला माझा वेळ गेला चुलीत.

त्या दिवसापासून सासूबाई रोज एकट्या खाली जायला लागल्या.

रविवारी फोनवर बहिणीला मी हे सगळं रंगवून सांगत होते. कसलं हे खातं, कसली माणसं, लाकडाची काळजी आणि जिवंत बाईला दीड महिना कोंडून ठेवलं मेल्यांनी! सासूबाई चपला घालत होत्या. फोन ठेवला तशा म्हणाल्या,

"त्या बिचाऱ्याला कशाला शिव्या देतेस? तो यायच्या आधीच मी खाली जायचं सोडलं होतं."

"पाय दुखत होते ना तुमचे?"

"पाय काय, रोजच दुखतात. तू एका हातानं मला धरायचीस आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर वेळ बघायचीस. प्रत्येक पायरीला. म्हटलं, नकोच ते."

रागानं नाही बोलल्या, अगदी सहज बोलल्या. मला लाज वाटली, हातातला फोन मी पालथा करून ठेवला. त्यांनी दोर धरला आणि एकेक पायरी सावकाश उतरत गेल्या.