बुखाऱ्यातला सत्कार

मी आज जो काही आहे तो आमच्या मोताळ्याच्या भूगोलाच्या सरांमुळे. आणि त्यांच्या हातून सत्कार झाला नाही असा माणूस आमच्या तालुक्यात शोधावा लागेल. सर घराबाहेर पडताना खांद्याच्या पिशवीत शेला, पांढऱ्या टोप्या आणि नारळ घेतल्याशिवाय पडत नसत. सत्काराला योग्य माणूस कुठे भेटेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. धामणगाव बढ्याची एसटी वेळेवर आणली म्हणून त्यांनी ड्रायव्हरला स्टँडवरच टोपी घातली. सुई टोचलेली कळली नाही म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईंना नारळ दिला. वर प्रत्येकाने ‘सत्काराला उत्तर’ म्हणून दोन शब्द बोलायचे, त्यातून सुटका नाही. ड्रायव्हर म्हणाला, “सर, गाडी लेट होऊन राह्यली!” सरांनी तेच भाषण धरून टाळ्या वाजवल्या.

मी ताश्कंदच्या आपल्या दूतावासात असताना सर माझ्याकडे आठ दिवस आले. त्यांच्या मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला होता. सरांच्या पत्नी वारल्यापासून तो त्यांना कायमचं तिकडे बोलावत होता. परत गेल्यावर त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅगेतला नारळ कानाशी हलवून पाहिला. एवढी जिज्ञासा पाहून सरांनी लगेच त्यालाही टोपी घातली.

त्याच आठवड्यात मला दूतावासातर्फे बुखाऱ्याच्या जुन्या ज्यू वस्तीला भेट द्यायची होती. सरांना सोबत नेलं. कित्येक शतकांची ही वस्ती. आता बहुतेक घरं परदेशी गेलेली. सिनेगॉग या त्यांच्या प्रार्थनाघराच्या दारात एक म्हातारे गृहस्थ स्वागताला उभे होते. आत डोकं झाकून जायचं असतं, हे मी कार्यालयाच्या कागदात वाचूनही विसरलो होतो. सरांनी पिशवीतली एक टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, दुसरी स्वतः घातली, आणि मी दूतावासाचे दोन शब्द बोलायच्या आत म्हाताऱ्यांच्या खांद्यावर शेला पडून हातात नारळही गेला होता.

म्हातारे आत गेले. सर घाबरले. “काही चुकलं का रे?”

म्हातारे परतले ते जरीचा लांब झगा घेऊन. पाहुण्याचा मान करायची त्यांची हीच रीत. तो झगा त्यांनी सरांना घातला. साऱ्या तालुक्याचा सत्कार करणाऱ्या सरांचा सत्कार कोणी कधी केला नव्हता. पिशवी त्यांच्याच खांद्यावर असायची ना!

“सर, उत्तरादाखल दोन शब्द,” मी म्हणालो.

सरांनी झग्याची बाही चाचपली. मग मला म्हणाले, “यायले विचार, यायची पोरं कुठं असतात?”

मी रशियनमधून विचारलं. पोरं परदेशात होती. बापाला रोज बोलावत होती.

“मंग काऊन नाही गेले?”

म्हाताऱ्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांच्या सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. “माझ्यासकट दहा आहोत. मी गेलो की नऊ उरतील.”

परतताना गाडीत सर झगा घालूनच बसले होते. बुखारा मागे पडल्यावर म्हणाले, “त्यायचं बरं हाय. माह्यावाचून मोताळ्यात कोणाचंच अडत नाही रे. पोराले हो सांगून टाकतो.”

 सर मोताळ्याला परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं:

‘आदरणीय सर, सा. न.

पुण्याला जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मुलाचा हक्क मोठा आहे. पण कोणाचं अडत नाही, हे बरोबर नाही. माझी बदली झाली की माझे बाबा बाजाराच्या दिवशी तुमच्या घरी येतात आणि तुम्ही त्यांचं बोट धरून नकाशात माझ्या नव्या शहरावर ठेवता. परवा फोनवर तुमचं पुण्याचं सांगितलं, तर म्हणाले, “सर गेले तं तू कुठं हायेस, हे मले कोण दाखवीन?”’