सोनूबाईचा घसा

आमच्या गावात लग्नाला भट उशिरा आला तर चालतं. धवलारीण उशिरा आली तर मांडव अडतो. हळद तीच लावते, देवांना आवतण तीच देते आणि घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात तीच बोलावते. हे सगळं गाण्यातून. त्या गाण्यांना धवले म्हणतात. न्हावा शेव्याच्या बंदराला चिकटलेल्या आमच्या आळ्यांत धवले म्हणजे सोनूबाई.

ऐन उमेदीत ती मिठागरात होती. खाऱ्या पाण्यानं टाचा फुटल्या त्या फुटल्याच. तिथंच सासूकडून धवले शिकली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गावातल्या कुठल्याही घराचे पाच पिढ्यांचे म्हातारे तिला तोंडपाठ. आणि आवाज असा, की रस्त्यावर कंटेनरवाला भोंगा दाबून बसला तरी त्याच्या वरून जातो. जीभही तशीच. नवरदेव दारू पिऊन पाटावर बसला तेव्हा तिनं गाण्यातच त्याचा बाप काढलेला आम्ही ऐकलाय.

तिचा मुलगा मितेश आखातातल्या बंदरात क्रेन चालवतो. यंदा सुट्टीवर आला तो अंगात ताप आणि अंगावर फोड घेऊनच. गाव म्हणाला, बया आली. कांजिण्यांना आमच्यात बया म्हणतात, देवीच ती. सोनूबाईनं बयेचं जे करतात ते केलं. त्याला निंबाऱ्याच्या, म्हणजे कडुनिंबाच्या, पाल्यावर निजवलं आणि खोबरेल हाताला घेऊन एकेका फोडावर स्वतः चोळलं. सून कल्पिता दारात उभी राहून सांगत होती, "आई, हात लावू नका, ही बया नाय दिसत." सोनूबाई म्हणाली, "तुझे नवऱ्याआधी माझा पोर हाय." शेवटी कल्पितानंच रिक्षा आणून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. निघाला एमपॉक्स. त्याला तिथंच वेगळं ठेवलं. कल्पितावर नजर ठेवली, तिला काही झालं नाही. सोनूबाईच्या मात्र आधी तळहातावर, मग मानेवर, मग तोंडात फोड आले. तीही मुलाच्या शेजारच्या खोलीत जाऊन पडली.

दोघं बरी होऊन घरी आली. सोनूबाईच्या खपल्या पडल्या, खाली गुलाबी कातडी आली. आमच्यात खपल्या पडल्या की निंबाऱ्याच्या पाण्यानं न्हाण घालतात, देवीपुढं दहीभात ठेवतात, की झालं. बया गेली. त्यानंतर त्या माणसाला कुणी लांब बसवायचं नाही, लांब बसवलं तर देवीचा अपमान. शेजारच्या आळीतल्या सगुणानं स्वतः तिला न्हाण घातलं, दहीभात ठेवला आणि ओल्या हातानंच आवतण दिलं, "पुढचे आठवड्यान आमचे प्रणालीची हलद. तू हाईस ना?"

"मी नाय तर कोन," सोनूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शेवटची तपासणी होती, कल्पिताही बरोबर गेली. हा रोग इकडं कुणी फारसा पाहिला नव्हता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मायलेकांचे नमुने वरचेवर घेतले होते. रक्त, लघवी, घसा, फोड. मितेशचा आणखी एक.

"आजी, नियमानं तुम्ही सुटलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कातडी साफ आहे, रक्तात काही नाही, लघवीत नाही. घशाच्या नमुन्यात मात्र विषाणू अजून दिसतोय."

"आंग साफ, मंग घशान कसा?"

"सगळीकडून तो एकदम जात नाही. रक्तातून लवकर जातो. फोडांत खपली पडून कातडी येईपर्यंत राहतो. घशात कुणाकुणाच्या रेंगाळतो. पुरुषांच्या वीर्यात त्याहूनही जास्त दिवस सापडतो. म्हणून मितेशला सांगितलंय, तीन महिने निरोध वापरायचा."

मितेश खिडकीबाहेर बघायला लागला. सोनूबाईला त्याचं काही नव्हतं.

"जिता हाय का मेलेला?"

"ते या तपासणीत कळत नाही. नुसते त्याचे तुकडेही असतील. बहुतेक मेलेलाच."

"भौतेक."

"हो, बहुतेक. नियम तुम्हाला अडवत नाही. पण मला विचाराल, तर घसा साफ होईपर्यंत तान्ही मुलं आणि गरोदर बाया यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नका."

येताना रिक्षात सोनूबाईनं पहिलं बोलणं काढलं ते सुनेशी. "आयकलास ना? त्याला ओटीवर झोपव."

"आई, रिक्षावाला आयकतंय."

"आयकूं दे. त्याचे पन घरान बायको हाय."

मग घर येईपर्यंत ती हळदीचाच हिशेब करत राहिली. धवलारणीचं काम तोंडाजवळ तोंड नेण्याचंच. नवरीच्या गालाला हळद लावायची, वीतभर अंतरावरून तिच्या तोंडावर गायचं, आणि तेही दोन दोन तास. प्रणालीला मांडी लावून बसणार होती तिची थोरली बहीण, आठवा महिना लागलेली. तोंडाला फडकं बांधून गावं तर धवले कुणाला ऐकू जाणार? लांब बसून गावं तर हळद कोण लावणार? घरी येऊन तिनं पदर खोचला आणि तशीच सगुणाच्या दारात गेली. ओटीवर चढली नाही. अंगणातून म्हणाली, "सगुणे, मी हलदीला नाय."

सगुणा सूप खाली ठेवून उठली. "न्हान जाला, दहीभात मी ठेवला. आता काय जाला?"

"घशान अजून हाय बोलतात."

"बया कातड्यावर येते नि कातड्यावरशी जाते. बयाला कई घसा होता?"

"ही बया नाय. बया असती तर मी तुना दवाखान्याचा सांगतला नसता."

"डॉक्टरनीनं तर सोडला तुना. कल्पिताच बोलली."

"डॉक्टरनीनं सोडला. मी नाय सोडला. तुझे थोरलीचे पोटान पोर हाय. मी तिचे म्होरं बसून थुकी उडवीत गानार? नाय."

पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं, ही सगुणाला चिंता. धवलारणीनं आवतण घेऊन परत करणं म्हणजे अपशकुनच. ती फणकारली, "सरल बोल ना, आवाज गेला तुझा. आख्खा गाव बोलतंय, सोनूबाईचा गला बसला."

सोनूबाईनं एवढं एक गिळलं. आयुष्यात तिनं फार थोड्या गोष्टी गिळल्यात.

"जा मंग," सगुणा म्हणाली. "परत माझे दारान येव नको. धाकटीचे लग्नाला पन नाय."

"तेवढा तू ठरव," सोनूबाई म्हणाली आणि घरी आली.

धवलारणीवाचून हळद होऊ देणं तिला मान्य नव्हतं. डीजे लावून उरकून टाकली असती त्यांनी. आता खाडीच्या पलीकडं, रेवसला, रंगू नावाची धवलारीण आहे. ती धवले मोबाईलवर टाकते, मागं ढोलकीची मशीन लावून. सोनूबाईनं भर लग्नात तिला 'मशिनीची धवलारीण' म्हटलं होतं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. तिला फोन लावायला सोनूबाईनं कल्पिताला सांगितलं.

"कोन?"

"मी. सोनू."

"आयकला तुना बया आल्ती."

"आल्ती. आंगावरशी गेली, घशान हाय. सगुणाचे पोरीची हलद तू घे."

"का गो, गला बसला का?"

"तसाच समज. येतेस का नाय?"

"येतंय. पर त्यांचे घरान मेले किती, मना काय ठावं?"

"म्हनून तर बोलावतंय."

रंगू रेवसहून होडीनं अलीकडच्या करंजा बंदरात उतरली, रिक्षा करून आली. सोनूबाईनं तिला अंगणाच्या पार कडेला, शेवग्याखाली बसवलं, वाऱ्याच्या अंगाला. स्वतः ओटीवर, तोंडाला मास्क. मास्कमधून ओरडून ओरडून सांगायला लागली.

"आधी अंबाजी. मंग त्याची पयली बायको केसर, मंग दुसरी. पयलीला आधी घे, नायतं रुसते."

"मेल्यावर पन?"

"जित्तेपनी कोन विचारत होता तिला? मेल्यावरच रुसते. मंग तुकाराम. मंग सदू. सदू खाडीन बुरून मेला, त्याला घरातून हाक नाय मारायची. बांधाकरं तोंड करून मारायची."

"चाल कशी? गाऊन दाखव."

"गानार नाय."

"येवढ्या लांबून काय होते?"

"ठरवला म्हंजे ठरवला. तू लाव चाल."

रंगूनं लावली. चुकली. सोनूबाईनं ओटीच्या लादीवर तळवा आपटला. रंगूनं पुन्हा लावली, पुन्हा लादी वाजली. दुपारभर हेच. शेवटाला सोनूबाईचा तळवा लाल आणि रंगूची चाल सरळ.

हळदीच्या दिवशी उन्हं कलल्यावर गल्लीतून आवाज यायला लागला. सोनूबाई मागल्या दारी कोलंबी सोलत बसली होती. तिचे हात चालू होते, कान तिकडं. अंबाजी आला, केसर आली, तुकाराम आला. सदूच्या वेळी आवाज फिरून बांधाकडं गेला.

"जमला का गो तिला?" कल्पितानं विचारलं.

"जमला. दुसरे बायकोला जरा जास्तच ओढला."

घसा साफ झाल्याचं कळायला त्यानंतरही वेळ लागला. दोनदा नमुना दिला, दोनदा 'अजून आहे' ऐकून परत आली. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. तोवर सगुणाची थोरली बाळंत झाली होती, बाळ धडधाकट. सगुणानं पेढे सगळ्या आळीत वाटले, सोनूबाईचं घर सोडून. आणि सगुणाच्या दिराच्या मुलाचं लग्न निघालं, त्याला आवतण गेलं ते रेवसला.

"आई, जाव नको," मितेश म्हणाला. "बोलवला नाय तुना."

"मना कई बोलवाया लागला?"

तिनं नऊवारी नेसली, कपाळाला मोठं कुंकू लावलं आणि मांडवात जाऊन रंगूच्या मागं बसली. तिथं दुसरी बाई बसते, पुढच्या बाईची ओळ पुन्हा म्हणणारी. ती जागा सोनूबाईनं जन्मात कधी घेतली नव्हती. रंगूनं मागं वळून पाहिलं आणि पुढं सरकली. सगुणा हळदीची वाटी हातात धरून उभीच राहिली.

रंगूनं पहिली ओळ टाकली. सोनूबाईनं ती उचलली, आणि बाहेरचे ताशेवाले आपसूक थांबले. दुसरी ओळ रंगूची, ती उचलली. तिसरीला रंगू श्वास घ्यायला थांबली, तर सोनूबाईनं तिची वाट पाहिली नाही.