गंगाक्काचा गाल आणि पिवळा बल्ब

चित्रकलेच्या क्लासात किस्से साठायला वेळ लागत नाही. ब्रश धुवायच्या डब्यातलं पाणी आणि किस्से, दोन्ही आमच्यात कुणी टाकतच नाही! खडेबाजारातल्या एका कापडदुकानाच्या माडीवर आमचा क्लास. शिकवतात ते अण्णा.

*

पहिल्या दिवशी मी ‘स्किन’ लिहिलेली ट्यूब घेऊन गेले. अण्णांनी सगळ्यांना टेबलावर हात ठेवायला लावले. एकाचाही रंग जुळेना.

“सांग बघू, ह्यो रंग कुणाचा?”

ट्यूब पिशवीत गेली. मग गेरू, पिवळा, लाल, चिमूटभर निळा असं मिसळत मी कागदावर माझाच हात रंगवला. घरी दाखवला, तर आई म्हणाली, “नखं काप की गं!”

*

मी दचकते लई. अण्णा एकदा मागून नुसतं “हं” म्हणाले आणि माझ्या चित्रातल्या नवरीला मिशी फुटली! तेव्हापासून ते माझ्याजवळ येताना मुद्दाम खोकतात. नव्या पोरींना वाटतं, त्यांना दमा आहे.

*

आम्हाला चित्र काढता यावं म्हणून पिवळ्या बल्बखाली बसायला कंग्राळीची गंगाक्का यायची. पहिल्या दिवशी हिरवी इरकल. मी अर्धा पदर रंगवला. दुसऱ्या दिवशी बाई जांभळ्या साडीत!

“आक्का, कालचीच पाहिजे होती!”

“रोज एकच नेसून बसू व्हय? लोक म्हणतील, हिच्याकडं दुसरं लुगडंच न्हाय!”

अण्णा म्हणाले, “साडी सोड. उजेड कापडावर कसा पडतोय ते बघ.” बघितलं. घडीच्या टोकावर केशरी, आत तपकिरी. आठवडाभरात आक्काची सगळी ट्रंक रंगवून झाली!

*

एकदा तिचे यजमान, आप्पा, तिला न्यायला आले. चित्र बघून म्हणाले, “पोरी, जरा गोरी कर हिला. न्हायतर प्रदर्शनात लावू द्यायचो न्हाय.”

मी पांढऱ्या रंगाचं झाकण उघडलंसुद्धा. पण त्या उजेडात आक्काचा गाल भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंग दिसत होता. पांढरा लावला की सगळा उजेडच विझणार! झाकण लावून टाकलं. मी! झुरळालाही अहोजाहो करणारी!

*

प्रदर्शनात मी खांबामागं. आप्पा चित्रासमोर उभे, शेजारी नटलेली गंगाक्का. आप्पा जागचे हलेनात.

शेवटी आक्कानंच विचारलं, “गोरी न्हाय केली बघा तिनं. उतरवायला सांगू?”

आप्पांनी चित्रावरची नजर न काढता तिला हातानंच बाजूला केलं.

“तू जरा सर गं. बघू दे मला हिला.”