प्रश्नाची भुवई

बातम्यांच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात एक चौकोन असतो आणि त्या चौकोनात हातवारे करणारी एक बाई असते. बहुतेकांचं तिच्याकडे लक्षही जात नाही. ज्यांना ऐकू येत नाही, ते मात्र मधोमध बसलेल्या नटव्या मंडळींना सोडून तिच्याकडेच बघतात. ऑफिसात तिला सगळे चौकोनताई म्हणत, आणि तिलाही ते नाव आवडायचं.

ही भाषा ती कुठल्या वर्गात शिकायला गेली नव्हती. तिची आई जन्मापासून बहिरी, त्यामुळे पोर बोलायला लागली ती आधी हातांनी. आता आपण 'जेवलीस' म्हणतो, तेव्हा ते विचारणं आहे की सांगणं, हे आवाजाच्या चढावरून कळतं. हातांना कुठला आलाय आवाज? तिथे ते काम भुवया करतात. मायलेकींच्या घरगुती खुणांत तर 'तू' आणि 'मी'सुद्धा गाळलेले असायचे. भुवया वर गेल्या की तुझं विचारतेय, जागेवर राहिल्या की माझं सांगतेय. परक्याला यातलं ओ की ठो कळलं नसतं, पण त्या दोघींचं कधी अडलं नाही.

चाळीस वर्षं भुवया अशा वर चढवल्यावर कपाळावर तीन आडव्या रेषा पडल्या, यात नवल ते काय! पण ऑफिसात नवे कॅमेरे आले आणि साहेब गोड आवाजात म्हणाले, की बाई, हल्ली जरा दमल्यासारख्या दिसता. ते तिच्या जिव्हारी लागलं. ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाई सरळ होत्या. चेहरा शांत ठेवूनही रेषा दिसायला लागली आणि ती तुम्हाला खटकत असेल, तर कपाळाचे स्नायू सैल करणारं इंजेक्शन सुरू करायची वेळ झाली म्हणायची, आणि नाही घेतलं तरी काही बिघडत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्यावर तीन वर्षं तिचं तळ्यात-मळ्यात चाललं. रोज सकाळी आरशासमोर चेहरा ढिला सोडून ती रेषा आहे की नाही ते तपासायची. आरशाला तरी जरा विश्रांती दे, असं नवरा म्हणायचा. शेवटी तिने नेमका मुहूर्त गाठून इंजेक्शन घेतलं. पंधरा दिवसांची रजा, त्यात कपाळ बसेल, आणि रजा संपल्यावर नितळ चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर. सगळं चोख ठरवलं होतं. फक्त आपल्या भुवया कशासाठी लागतात, हे तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. त्या नको म्हणतील, अशी धास्ती होती. भुवया उचलता येतील ना, एवढंच विचारलं. थोड्या येतील, असं उत्तर आलं, आणि त्या 'थोड्या'वर तिने स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःलाच फसवायला बसला की त्याला फार कमी पुरतं.

दहाएक दिवसांनी आईने हातांनी म्हटलं, "हल्ली काही विचारतच नाहीस. नुसतं सांगत सुटतेस."

आई हसत होती, म्हणून लेकही हसली. मग तिने एक युक्ती काढली. प्रश्न असला की आईकडे बोट करायचं, म्हणजे 'तू'. आईला ते पाहुण्यांशी बोलल्यासारखं वाटायचं, पण भागत होतं.

चौथ्या आठवड्यात आईला धाप लागली. हृदय थकलं होतं. आता फार काही हातात नाही, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. आईने ते दाराच्या काचेतून त्यांच्या ओठांवर वाचलं असणार, कारण लेक आत आली तेव्हा ती भिंतीकडे बघत होती. त्यानंतर दोन दिवस ती हाताने एक अक्षर बोलली नाही.

तिसऱ्या दुपारी आईने डोळे उघडले. लेक खुर्ची ओढून अगदी जवळ बसली. तिला एकच गोष्ट विचारायची होती. तिने मूठ छातीशी नेली आणि थरथरवली. भीती वाटते? बोट करायचं ती त्या क्षणी साफ विसरली. आतून भुवया जिवाच्या आकांताने वर गेल्या, बाहेर मात्र कपाळ होतं तसंच राहिलं.

आईने ते पाहिलं. भीती वाटते, असं लेक सांगत होती.

आईचा चेहरा एकदम बदलला. सुई टोचलेला हात कसाबसा उचलून तिने लेकीचा गाल कुरवाळला, आणि मग सावकाश, एकेक खूण नीट करत म्हणाली, "घाबरू नकोस. मी आहे ना."

चूक तिथल्या तिथे सुधारता आली असती. नुसतं एक बोट पुढे करायचं होतं. पण दोन दिवस भिंतीकडे बघणारी बाई आता पुन्हा कुणाची तरी आई झाली होती, तिच्या डोळ्यांत तरतरी आली होती. ती काढून घ्यायचा धीर लेकीला झाला नाही. तिने मान डोलावली, आईच्या कुशीत डोकं खुपसलं आणि आई थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. शेवटपर्यंत पोरीलाच धीर देत होती, कसली म्हणून भीती नव्हती तिला, असं सगळे म्हणतात. चौकोनताई ऐकून घेते. आईला भीती वाटत होती का, हे तिला माहीत नाही.