साक्रीला मेनस्विच कोणी पाडला

हे लिहू की नको, यात बरेच दिवस घालवले. आमच्या घरात भूतबाधा, करणी, भानामती या शब्दांना थाराच नव्हता. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, पक्के बौद्ध. कुणाच्या अंगात आलं की ते शांतपणे म्हणायचे, "ताई, आधी पाणी प्या." मी आयटीआय केलेला वायरमन. करंटला रस्ता मिळाला तर तो जातो, नाही मिळाला तर थांबतो — मला एवढंच शिकवलेलं, आणि एवढ्यावरच माझं दुकान चाललं. आजही माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी एक गोष्ट आहे, ती कुठेच बसत नाही... जशी घडली तशी सांगतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. माझं दुकान जळगावात, असोदा रस्त्याला लागताना डाव्या हाताला. मोटार रिवाइंडिंग, घरगुती वायरिंग, पंपाचे स्टार्टर — अशी कामं. एका सकाळी दुकानासमोर एक मिनीबस येऊन थांबली. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, टपावर पाण्याची टाकी. आतून साठी ओलांडलेले एक गृहस्थ उतरले. पांढरी टोपी, हाताला ग्रीसचे कायमचे डाग. हे दगाजी नाना. धुळ्यात त्यांनी आयुष्यभर ट्रक-बसच्या बॉड्या बांधल्या होत्या.

बसच्या आत मी पाऊल टाकलं आणि बघतच राहिलो. पूर्ण घर होतं हो! गॅसची शेगडी, भांड्यांची मांडणी, लहानसा फ्रिज, कोपऱ्यात न्हाणीघर. आणि एका बाजूला पलंगावर सुमन अक्का, नानांची बायको. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. बोलणं सावकाश, पण डोकं एकदम साफ.

अक्कांनी संसारात धुळ्याबाहेर फार पाहिलं नव्हतं. नाना कायम दुसऱ्यांच्या गाड्या बांधण्यात. आता ती अंथरुणाला खिळल्यावर नानांनी मोडीत निघालेली मिनीबस घेतली आणि वर्षभर खपून तिच्यासाठी हे घर बांधलं. तिचं माहेर साक्रीच्या पलीकडे डोंगराकडचं एक खेडं, आधी जळगावपर्यंत फिरून मग तिथपर्यंत हळूहळू जायचं ठरलं होतं.

अडचण विजेची होती. जिथे मुक्काम, तिथे कुणाच्या तरी घरातून वायर ओढून बसला सप्लाय घ्यायचा. अक्कांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी होती. तिचा लहान पंप सतत चालू लागायचा. फ्रिजमध्ये त्यांचं इन्सुलिन. शिवाय पंखा. खेड्यापाड्यातलं व्होल्टेज तुम्हाला माहीत आहेच — कधी बल्ब मिणमिणतो, कधी फुटतो. अमळनेरजवळ एका मुक्कामात गादीचा पहिला पंप जळालाही होता.

नाना म्हणाले, "इंजिन मले समजस. करंट नही समजत. तू असं काही कर का वरतून किती बी करंट उना तरी हिले काही व्हवाले नको."

मी तीन दिवस त्या बसमध्ये काम केलं. चेसिसला अर्थिंग, बाहेर जमिनीत ठोकायला तांब्याची सळई, आत सगळी वायर नवीन. पलंगाच्या पायथ्याशी, दाराजवळ एक लोखंडी पेटी बसवली. त्यात हाय-लो कट — म्हणजे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की सप्लाय आपोआप तोडणारी वस्तू. ती आवाज न करता आतल्या आत तोडते. पेटीच्या बाजूला वेगळा मेनस्विच, जुन्या पद्धतीचा, लोखंडी दांड्याचा. तो मात्र हातानेच वर करायचा, हातानेच खाली पाडायचा. स्प्रिंग एवढी कडक की माझंही मनगट दुखायचं.

तीन दिवस अक्कांशी गप्पा झाल्या. त्यांना माझं काम पाहायला आवडायचं. ही वायर लाल का, ती काळी का, विचारत राहायच्या. शेवटच्या दिवशी मी झाकण लावण्याआधी आत खडूने 'ओके' लिहिलं, ही माझी सवय. शुक्रवारी गाडी धुळ्याकडे निघाली.

रविवारी जळगावातच माझ्या भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून सगळी धावपळ माझ्याकडे. दुपारी लग्न लागलं, जेवणं झाली, संध्याकाळी पाठवणी झाली. त्या दिवशी मला काही विचित्र जाणवलं का, असं पुढे अनेकांनी विचारलं. नाही. काहीही जाणवलं नाही. पाय दुखत होते, एवढंच.

सोमवारी दुकानाशेजारच्या एसटीडीवाल्याने हाक मारली. साक्रीहून फोन होता. फोनवर नाना होते.

"मिलिंद भाऊ, तुन्ही पेटीनी अक्काले वाचाडं. बठ्ठी गल्ली बळनी, मन्ही गाडीले काहीच नही व्हयनं."

त्यांच्या अहिराणीत बठ्ठी म्हणजे सगळी, बळनी म्हणजे जळाली. झालं होतं असं. साक्रीत नानांच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी राहत होते. त्यांच्या अंगणात बस लावून, त्यांच्याच घरातून सप्लाय घेतला होता. रविवारी दुपारी कडब्याने लादलेला ट्रक गल्लीतून जाताना वरच्या तारांत अडकला आणि न्यूट्रलची तार तुटली. न्यूट्रल तुटली की घराघरात दोनशे तीसच्या जागी चारशेपर्यंत व्होल्टेज जाऊ शकतं. गुरुजींचा टीव्ही धूर ओकून बंद पडला. समोरच्या घरात पंखा पेटला, पडदा पेटला, माणसांनी वाळू टाकून विझवला. नाना त्या वेळी बाजारात होते. बसच्या दाराला बाहेरून कडी लावलेली. आत अक्का एकट्या — पंप चालू, पंखा चालू, प्लायवुडच्या भिंती, फोमच्या गाद्या, आणि उठता न येणारं माणूस.

"मी पळत उनू," नाना सांगत होते, "कडी काढीसन दार उघाडं. आत बठ्ठं थंडगार. तुन्हा तो दांडा खाले पडेल व्हता."

मी अभिमानाने फुगलो होतो. पण शेवटचं वाक्य कानाला खटकलं.

"नाना, दांडा? मेनस्विचचा?"

"हा ना. खाले."

फोन ठेवला आणि तिथेच बाकावर बसलो. कटने काम केलं असतं तर दांडा वरच राहिला असता. दांडा आपोआप पडत नाही. कुणीतरी हाताने पाडला होता.

मंगळवारी पहाटेची गाडी धरली, धुळ्याला बदलली, दुपारच्या आत साक्रीला पोचलो. गुरुजींकडे गेल्यावर कौतुकच कौतुक. गुरुजींच्या पत्नी, काकू, यांनी चहा दिला. मी त्यांना सहज विचारलं, "रविवारी ते झालं तेव्हा बसमध्ये कोण गेलं होतं?"

काकू म्हणाल्या, "कुणीच नाही. मी तर ओट्यावरच बसून शेंगा निवडत होते. दार समोरच. अक्कांना काही लागलं तर म्हणून मुद्दाम तिथे बसले होते."

मग बसमध्ये गेलो. नाना माझ्या मागे. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या, मला पाहून हसल्या. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलो.

"अक्का, रविवारी हा दांडा कोणी पाडला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करतोय.

"तूच ना रे."

नाना म्हणाले, "अगं, तो जळगावले व्हता."

"हाऊच उना," माझ्याकडे बोट करून अक्का म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. "मी म्हनं, आज हाऊ इतला धवळा कपडा घालीसन कसा उना. आंगठाले चिंधी बांधेल व्हती. दांडा खाले कया, मन्हाकडे दखं, अनि म्हने — 'राहून गेलं होतं, अक्का.' मंग चालना गया. जरासा येळमा बाहेर आरडाओरडा सुरू व्हयना." मग थांबून मलाच विचारलं, "काय राही गयथं रे?"

मी एरवी खाकी शर्टाशिवाय दुसरं घालत नाही. रविवारी लग्नात आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत होतो. ठीक आहे, भाचीच्या लग्नाचं मी कामाच्या वेळी बोललो असेन, आमच्यात लग्नाला पांढरे कपडे घालतात हे अक्कांना माहीत असेल. पण अंगठा? तो मी रविवारी सकाळी कलिंगड कापताना कापून घेतला होता. बस तेव्हा दीडशे किलोमीटरवर होती. आणि मंगळवारी मी साक्रीला पोचलो तोपर्यंत ती चिंधी काढून टाकली होती. साधी चिकटपट्टी होती, तीही डावा हात खिशात असल्यामुळे अक्कांना दिसलेली नव्हती.

पण त्या क्षणी मला अंगठ्याचं काही वाटलं नाही. 'राहून गेलं होतं' हे शब्द कानात बसले. मी स्क्रू ड्रायव्हर काढला, सप्लाय परत आल्यावर नानांनी वर केलेला मेनस्विच पाडला आणि पेटीचं झाकण उघडलं.

आत 'ओके' लिहिलेलं. आणि त्याच्या खाली, हाय-लो कटच्या दोन टर्मिनलमध्ये, बोटभर लांबीचा लाल वायरचा तुकडा.

तो मीच टाकला होता. शेवटच्या दिवशी फ्रिज आणि पंप चालवून बघताना कट आड येऊ नये म्हणून तो डायरेक्ट केला होता, म्हणजे करंट कटला वगळून या तुकड्यातून सरळ जाईल असा जोडला होता. चाचणी झाली की तुकडा काढायचा. तेवढ्यात नानांनी चहाला हाक मारली, चहा पिऊन आलो आणि झाकण लावलं. तुकडा तसाच. म्हणजे शुक्रवारपासून त्या बसला कसलंही संरक्षण नव्हतं. चारशे व्होल्ट आले असते तर सरळ अक्कांच्या गादीपर्यंत गेले असते.

मी खरा घाबरलो तो तेव्हा. दांडा कोणी पाडला याने नाही... मी काय करून बसलो होतो याने.

झाकण पुन्हा लावून, तुकडा खिशात घालून गप्प बसता आलं असतं. कुणालाच कळलं नसतं. नाना मागे उभे होते, त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं. एक मिनिट मी तो विचार केला, खोटं कशाला सांगू. मग वळून म्हणालो, "नाना, माझ्या पेटीने काही केलं नाही. ती चालूच नव्हती. माझी चूक राहिली होती." आणि तुकडा दाखवून सगळं समजावून सांगितलं.

नाना पलंगाच्या कडेला बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस मला हाताला धरून बाहेर काढणार, आणि काढलंच पाहिजे.

"एकदाव," ते म्हणाले, "एक गाडीनी सीटना बोल्ट कसानं मी भूली गयथू. गाडी सुरतपर्यंत जाई उनी, भरेल. कोनले काही व्हयनं नही. मी कोनलेच सांगं नही. तीस वरीस व्हई गयात." मग टोपी डोक्यावर घालत म्हणाले, "काढ ती वायर. मन्हा समोर काढ."

मी काढली. सगळी जोडणी दोनदा तपासली, कट चालतो हे त्यांना दाखवलं, आणि तिसऱ्यांदा त्यांच्याच हाताने प्रत्येक स्क्रू ओढून बघायला लावला. अक्का पलंगावरून बघत होत्या. "आते राही नही गयं ना काही?" एवढंच विचारलं.

बस पुढे अक्कांच्या माहेरी पोचली. नंतर जवळजवळ तीन वर्षं ते दोघं हिंडले — दोंडाईचा, शहादा, तापीकाठची गावं. जळगावला आले की माझ्या दुकानासमोर गाडी लावायचे. पेटी शेवटपर्यंत चालली.

मी माझ्या परीने बराच शोध घेतला. काकू शेंगा निवडताना आत-बाहेर गेल्या असतील, शेजारचं कुणी चटकन आत शिरून दांडा पाडून गेलं असेल, अक्कांना ग्लानीत भास झाला असेल. एकेक करून सगळं पटण्यासारखं आहे. पण न्यूट्रल तुटण्याच्या आधी दांडा पाडायला कुणाला सुचलं? आणि अंगठा? आणि ते शब्द? काही राहून गेलंय हे त्या दुपारी मला स्वतःलाही माहीत नव्हतं. भाचीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे. ती मी तीनदा पाहिली. वंदना चालू असताना तिसऱ्या रांगेत मी बसलेला दिसतो, डोळे मिटून, अंगठ्याला चिंधी. अगदी साधा, दमलेला मामा. कुठे गेलोय असं अजिबात वाटत नाही.

एका इंजिनियर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "तुला मनातून ठाऊक होतं, काहीतरी राहिलंय." असेलही. पण मला मनातून ठाऊक असण्याने साक्रीतला दांडा कसा खाली येईल?

अक्का गेल्या त्याच्या काही महिने आधी शेवटची भेट झाली. बस दुकानासमोर होती, मी पायरीवर बसलो होतो. त्या नानांना म्हणाल्या, मिलिंदला चहा द्या, तो त्या रविवारी साक्रीला उन्हातून आला होता आणि मी त्याला बैससुद्धा म्हटलं नाही.

मी म्हणालो, "अक्का, किती वेळा सांगू, मी आलो नव्हतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि नानांना खुणेने साखर जास्त घालायला सांगितलं.