आधी विहीर, मग भाव

"मावशी, शेवटचं वाक्य पळवा!" स्टुडिओच्या काचेपलीकडून साहेब ओरडले. तिसऱ्यांदा.

मी अकोल्याची आवाजवाली. शिक्षण सातवी, पण गळा पदवीधर. रिक्षाच्या भोंग्यावरून सर्कस, साड्यांचा सेल आणि उमेदवार सारख्याच गोडीनं खपवले. मग जाहिराती मोबाइलवर आल्या. फोन वाजतो, तुम्ही उचलता, मी सुरू होते. आवाज आधीच भरून ठेवलेला असतो, म्हणून तुमच्या शिव्या मला ऐकू येत नाहीत. बरंच आहे.

त्या दिवशी तुरीचं बियाणं होतं. दाणा टपोरा, भाव कमी, बॅगेमागे टॉर्च फुकट. हे सगळं मी झोकात वाचलं. शेवटी अट होती: 'हे वाण फक्त ओलिताच्या वावरासाठी.' म्हणजे शेतात विहिरीचं पाणी पाहिजे. कोरडवाहूत फुलं गळणार, शेंगा धरणार नाहीत. खरी बातमी हीच, आणि पळवायची तीच!

मी काही पळाले नाही. साहेबांनी मशीनवर वाक्य पळवलं. माझ्या आवाजाची पार खारूताई झाली. मीही चहा पिऊन घरी गेले. खोटं कशाला सांगू?

चार दिवसांनी बाळापूरहून माझी जुनी मैत्रीण सकिना आपा हिचा फोन. तिचं बांगड्यांचं दुकान, गावाबाहेर तीन एकर कोरडवाहू.

"बाई, तुमचा आवाज ऐकला अन् दोन बॅगा घेतल्या. पन शेवटी तुमाले उचकी लागली होती का?"

"पेरलं का गं?"

"उद्या पेरतो."

"पेरू नको! विहीर लागते त्याले."

"या अल्ला! तं आधी सांगाचं ना!"

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ गाठला. भांडले नाही. म्हटलं, साहेब, तुमच्या आईला ही जाहिरात ऐकवा. त्यांनी आईला जाहिरातीचा फोन लावला. भाव आणि टॉर्च ऐकून आईनं फोन ठेवला, आणि लगेच साहेबांना उलटा फोन केला.

"काय रे, टॉर्च फुकट हाय म्हने. दोन बॅगा आन."

"आई, आपल्या वावरात विहीर कुठं हाय?"

"मंग त्या बाईनं कावून नाही सांगतलं?"

साहेबांनी फोन ठेवला.

"मावशी, अट आधी सांगतली तं लोकं फोन ठेवतीन."

"ठेवू द्या. ज्याच्यापाशी विहीर नाही, त्यानं ठेवलाच पाहिजे. नाहीतर दुसरा गळा पाहा."

नवी जाहिरात अशी सुरू झाली: 'विहिरीचं पाणी असंन तरच पुढं ऐका.' साहेबांनी कुरकुरतच ती भरून घेतली. सकिना आपा बियाण्याच्या दुकानदाराच्या पायरीवर दुपारभर ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे त्यानं न फोडलेल्या बॅगा कोरडवाहूच्या वाणाशी बदलून दिल्या. पेरणी तीन दिवस उशिरा झाली, पण झाली.

अट नुसती हळू वाचून भागत नाही, भावाच्या आधी वाचावी लागते. भाव ऐकला की माणूस बहिरा होतो.